मल्हारच्या पोटातलं तेजाब

मल्हार पाच महिन्यांचा होता आणि माणसामाणसांत फरक करायला अजून शिकला नव्हता. जो उचलून घेईल त्याच्या अंगावर तो दूध ओकायचा. बारशाला आलेल्या माजी सभापतींच्या खिशात तो ओकला, आणि खिशात मोबाईल होता. विमा गळ्यात मारायला आलेल्या एका पाहुण्याच्या तोंडावर ओकला, तेव्हा तो पाहुणा हयातीत पहिल्यांदा बोलायचा थांबला. ओकून झालं की मल्हार प्रसन्न हसायचा आणि पुढच्या माणसाकडं बघायचा.

त्याची आई रेश्मा मात्र हसत नव्हती. हल्ली तो दूध टाकल्यावर पाठ ताणून रडायचा. काट्यावर ठेवला तर वजन मागच्या खेपेला होतं तिथंच. आणि या घरात एखादी गोष्ट थांबली की ती का थांबली हे कुणी बघायचं नाही, कुणामुळं थांबली एवढं आधी ठरवायचं.

घर विट्याचं, गलाईवाल्यांचं. जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचा हा धंदा. देशात कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यात शिरलं तर गल्लीच्या टोकाला भट्टीपुढं बसलेला माणूस विट्याकडचा निघतो, आणि दोन वाक्यांत तुमची सोयरीकही निघते. मल्हारचे आजोबा आप्पासो यांचं दुकान कोइमतूरला होतं. आता ते दुकान मुलगा इंद्रजित सांभाळायचा आणि आप्पासो विट्यात बसून इंद्रजितला सांभाळायचे. रेश्मा त्यांची सून, माहेर साताऱ्याचं, शिक्षण बी.एस्सी. लग्नानंतर वर्षभर कोइमतूरला राहून बाळंतपणानंतर ती सासरी विट्यात होती.

गावातल्या डॉक्टरांनी मल्हारला तपासलं आणि म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. ॲसिड रिफ्लक्स आहे. पोटातलं ॲसिड दुधाबरोबर वर येतं."

घाबरायचं कारण नाही, हे फक्त रेश्मानं ऐकलं. बाकीच्यांनी ॲसिड ऐकलं.

आप्पासो खुर्चीत एवढे ताठ झाले की डॉक्टरांनाच वाटलं, आपण काहीतरी आगळीक केली. उभा जन्म आप्पासोंनी तेजाबात काढला होता. गलाईत तेजाब म्हणजे ॲसिड. त्यात हीण विरघळतं आणि सोनं राहतं. भुवया दोनदा जळल्या, उजव्या हाताच्या बोटांची कातडी कायमची पिवळी पडली, आणि आता त्याच विषयावर एक पोरसवदा डॉक्टर त्यांना शिकवायला बसला होता.

संध्याकाळी पोर्चमध्ये बैठक बसली. आप्पासो होतेच. त्यांचे कोइमतूरचे जुने भागीदार धुळाबापू होते. धुरानं धुळाबापूंच्या नाकाचा वास गेला होता आणि म्हणून तेजाबातला सगळ्यात जाणता माणूस म्हणून त्यांचा मान होता. मल्हारची आजी सुलाबाई दारात शेंगा फोडत होत्या. मल्हार पाळण्यात होता. त्याला बोलावलं नव्हतं, पण विषय त्याचाच असल्यानं त्याचं असणं सगळ्यांनी चालवून घेतलं.

"कसलं ॲसिड म्हणला डाक्टर?" धुळाबापूंनी सुरुवात केली.

"ते न्हाई सांगितलं."

"सांगितलं न्हाई? आन् तू तसाच उठून आलास? शोऱ्याचं हाय का मिठाचं, एवढं तरी इचारायचं गड्या!"

आतून रेश्मा म्हणाली, "नायट्रिक म्हणजे शोऱ्याचं नाही, मिठाचं, आप्पा. हायड्रोक्लोरिक. सगळ्यांच्याच पोटात असतं ते. तुमच्यासुद्धा."

दोन्ही म्हातारे आपापल्या पोटाकडं नव्या आदरानं बघू लागले. मग आप्पासो हळूच म्हणाले, "मिठाचं," आणि मान डोलावत राहिले. त्या मान डोलावण्यात काहीतरी शिजतंय हे रेश्माच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

धुळाबापूंनी मल्हारचं लाळेरं मागवलं. त्यावर ताजं ओकलेलं होतं. त्यांनी ते उजेडाकडं धरून पुढून-मागून बघितलं, मग नाकाशी नेलं. नाकाशी नेल्यावर त्यांना आठवलं की आपल्याला वास येत नाही, पण चारचौघांत ते कबूल करायचा प्रघात नव्हता. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"भोक न्हाई पडलं," ते म्हणाले. "तेजाबाचा दोष न्हाई. तेजाब गरीब हाय."

"मग?"

"मग कच्चा माल बघा की. मुशीत काय वततोय त्यावर खाली काय निघतंय ते ठरतं. लेकराच्या पोटात माल कुठनं येतोय?"

सगळ्यांनी आत बघितलं. आत रेश्मा भाजी चिरत होती.

सुलाबाईंनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "मी पयल्या दिवसापास्नं सांगतेय. साताऱ्याचं दूध पेढ्याला बरं. लेकराला न्हाई."

"आत्या, पेढे माझ्या दुधाचे नसतात," रेश्मा म्हणाली.

"दिसतंय की ते."

अर्ध्या तासात निकाल लागला. सुलाबाईंच्या माहेरी दुसऱ्या वेताची एक म्हैस होती. ती सोमवारी विट्यात आणायची. सोमवारपासून मल्हारचं अंगावरचं दूध बंद आणि म्हशीचं सुरू. रेश्मानं कोइमतूरला व्हिडिओ कॉल लावला. इंद्रजित पडद्यावर आला. मागं भट्टी पेटलेली, तोंडाला घाम.

"पाच महिन्यांच्या बाळाला म्हशीचं दूध देत नाहीत, सांगा तुम्ही आप्पांना," ती म्हणाली.

"हे बघ, मला विचारशील तर," असं म्हणून इंद्रजित जागच्या जागी गोठला. चेहरा विचारी, तोंड अर्धं उघडं. त्याच्या मागं भट्टीतला जाळ मात्र व्यवस्थित हलत होता.

रेश्मानं फोन खाली ठेवला आणि पोर्चमध्ये आली. "सांगलीच्या मोठ्या डॉक्टरबाईंना दाखवल्याशिवाय दूध बंद होणार नाही. त्या म्हणाल्या की माझ्या दुधात खोट आहे, तर मी स्वतः म्हशीला ओवाळून आत घेईन."

खोट हा शब्द आप्पासोंना लागू पडला. "बराबर हाय," ते म्हणाले. "टेस्ट झाल्याशिवाय आपुन मालाला नाव ठेवत न्हाई. सांगलीला जायाचं."

विश्रामबागेत डॉ. प्रांजल कांबळे लहान मुलांच्या पोटाचंच बघायच्या. त्यांनी मल्हारला तपासलं, रेश्माला चार प्रश्न विचारले आणि बाकीच्यांनी दिलेल्या उत्तरांकडं लक्ष दिलं नाही. मग त्यांनी कागदावर एक नळी आणि एक पिशवी काढली.

"ही अन्ननळी, हे जठर. मध्ये एक दार असतं. मोठ्यांचं घट्ट मिटतं, बाळांचं सैल असतं. जठर एवढंसं. ते भरलं आणि बाळ आडवं केलं की वर येतं. बहुतेकांचं वर्षाच्या आसपास आपोआप थांबतं."

"म्हंजे दाराचा वांधा हाय," आप्पासो म्हणाले. "बदलून मिळंल का?"

"बदलायचं नाही, काका. वाढू द्यायचं." डॉक्टर हसल्या नाहीत. "पण वजन थांबलंय आणि तो रडतो, म्हणून मला एक बघायचंय. याचं पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो. आईचं दूध काढून घ्यायचं, त्यात कॅमेऱ्याला दिसेल असं औषध थेंबभर घालायचं, बाळाला पाजायचं आणि तासभर कॅमेऱ्याखाली निजवायचं. दूध कुठं जातं, किती वेळात जातं, वर किती येतं, सगळं दिसतं."

"सोनं घातलं तर दिसत न्हाई व्हय?" आप्पासोंनी विचारलं. डॉक्टरांना वाटलं, थट्टा आहे.

"त्याआधी चार तास बाळाच्या तोंडात काही जायचं नाही. पोट रिकामं हवं. पाणीसुद्धा नाही."

सुलाबाईंनी छातीला हात लावला. "चार तास? आवं डाक्टरीणबाई, आमच्या दारातलं कुत्रं बी चार तास उपाशी ऱ्हात न्हाई!"

"कुत्र्याची टेस्ट नाहीये, आजी."

दोन दिवसांनी सांगलीच्या तपासणी केंद्रात पहिला प्रयत्न झाला. एका बाळाचं पोट रिकामं ठेवण्यासाठी विट्यातून पाच माणसं निघाली. आप्पासो आणि सुलाबाई, सल्लागार म्हणून धुळाबापू, कॉलेजात असलेली आणि मोबाईलवर रील टाकणारी नणंद पिंकी, आणि रेश्मा. रेश्मानं निघायच्या दोन तास आधी मल्हारला पाजलं आणि घड्याळ बघितलं. तासगाव मागं पडलं तेव्हा मल्हार कुरकुरला, माधवनगर आलं तेव्हा रडू लागला. तिथं आप्पासोंना अचानक चहाची तल्लफ आली. रेश्मा बाथरूमला जाऊन आली तेवढ्यात बाळ चार हातांतून फिरलं होतं आणि आश्चर्य म्हणजे गप्प होतं.

"कसं गप्प केलंत?" रेश्मानं विचारलं.

"मायेनं," सुलाबाई म्हणाल्या.

केंद्रात रोहन नावाचा तरुण तंत्रज्ञ होता. त्यानं विचारलं, "बाळानं शेवटचं कधी घेतलं?"

"चार तास होऊन गेले. त्यानंतर एक थेंब नाही," रेश्मा म्हणाली.

तिचं वाक्य संपायची वाट बघून मल्हारनं रोहनच्या बाहीवर ओकून दाखवलं. पिवळसर, चिकट, बडीशेपेचा वास, आणि खोलीतल्या दिव्याखाली किंचित चमकणारं. रोहन आपल्या बाहीकडं बघत राहिला. आतापर्यंत त्यानं पुष्कळ बाळांचं पुष्कळ काही अंगावर घेतलं होतं, पण चमकणारं पहिल्यांदाच.

"मॅडम, हे दूध नाहीये."

रेश्मानं मागं वळून बघितलं. सुलाबाई छताकडं बघत होत्या. पिंकी मोबाईलमध्ये. धुळाबापू भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचत होते आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आप्पासो तेवढे पुढं धावले. खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून त्यांनी रोहनची बाही पुसली, पुन्हा पुसली, शिलाईच्या कोपऱ्यातलंही टिपून घेतलं, आणि रुमालाची घडी घालून आतल्या खिशात ठेवली.

टेस्ट रद्द झाली. परतीच्या वाटेवर गाडीत सुलाबाई म्हणाल्या, "बघितलंस? चार तास उपाशी ठिवलं तरी ओकतंय. दूधच वंगाळ."

रेश्मा मात्र त्या रुमालावर अडकली होती. जेवल्यावर स्वतःचं ताटही न उचलणारा माणूस. लग्नाच्या मांडवात पायावर सांडलेलं पाणी पुसायला ज्यानं शेजारच्या गावचा पाहुणा बोलावला. तो माणूस एका परक्याच्या बाहीवरची ओकारी पुसतो आणि घडी घालून काळजाजवळ ठेवतो. नातवावरचं प्रेम म्हणावं, तर प्रेमात माणूस शिलाई टिपत नाही.

आणि मग तिला लाळेरी आठवली. महिनाभर मल्हारची लाळेरी नाहीशी होत होती. ती नवी आणायची, तीही जायची. कपडे धुणारी मंगल शपथा घेऊन थकली होती.

दुसऱ्या दिवशी आप्पासो देवळात गेल्यावर तिनं कोठीची खोली उघडली. धान्याच्या कणग्यांमागं झाकणाचा स्टीलचा मोठा डबा होता. झाकण उघडलं आणि तिनं लगेच लावलं. मग नाकाला पदर लावून परत उघडलं. आत मल्हारची सगळी लाळेरी होती, न धुतलेली, दाबून भरलेली. सगळ्यात वर तो रुमाल.

दुसऱ्या कुठल्या घरातल्या सुनेला वाटलं असतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. रेश्मानं कोइमतूरच्या दुकानात वर्षभर बघितलं होतं. गलाईत फडकं फेकत नाहीत. हात पुसलेली चिंधी, झाडलोटीची माती, जुनं पायपुसणं, सगळं साठवतात, जाळतात, राख गाळतात, आणि तिच्यातून सोन्याचा कण काढतात. म्हणजे डब्यातल्या फडक्यांना सोनं लागलंय. म्हणजे ओकारीत सोनं आहे. म्हणजे पोटात सोनं जातंय. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणी तिला एवढं सरळ अनुमान काढायला लावलं नव्हतं.

संध्याकाळच्या बैठकीत तिनं तो डबा आप्पासोंच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण काढलं. सुलाबाई उठून अंगणात गेल्या, पिंकी जिन्यात पळाली. धुळाबापू तेवढे निवांत बसून राहिले.

"आप्पा, मल्हारला सोनं कोण देतंय?"

आप्पासोंनी डब्याकडं बघितलं, मग सुनेकडं. "कुणी म्हंजे? मीच. बाहेरच्याला कशाला देऊ दीन?"

"कशात?"

"मधात. कसोटीवर दोन वळसे उगाळायचं, बोटानं चाटवायचं. आपल्याकडं चालतच आलंय. बारशापास्नं दिवसातनं एकदा देत हुतो." त्यांचा आवाज किंचित दुखावला. "तू म्हणलीस मिठाचं तेजाब हाय, मग तीनदा केलं."

"मी म्हटलं म्हणून?"

"मिठाचं तेजाब एकटं असलं तर सोन्याला हात लावत न्हाई. इचार बापूला. दूध नासतं, मध जिरतो, पोटात टिकणारी वस्तू एकच. तूच तर सांगितलंस!"

"बराबर हाय," धुळाबापू म्हणाले. "शोऱ्याचं मिसळलं तरच सोन्याचं पाणी व्हतं. लेकराच्या पोटात शोरा कुठनं यायचा?"

रसायनशास्त्र म्हणून यात एकही चूक नव्हती, आणि त्याचाच रेश्माला जास्त संताप आला.

"आणि ही फडकी?"

"टाकून द्यायची व्हय? नातवाला दिलं ते दिलं. पर परत आलं ते परत आलं."

अंगणातून सुलाबाई ओरडत आल्या, पण त्यांची चीड वेगळीच होती. "मध देत हुता व्हय तुमी? आन् मला पत्ता न्हाई! तरीच म्हणलं माझं ग्राईपवॉटर पोटात का टिकंना!"

"तुझं कसलं ग्राईपवॉटर?" आप्पासो म्हणाले.

"मग काय, रेश्मानं पाजलं की मी दोन चमचे देते. पचाया नको? वर ओव्याचा अर्क. लेकरू अंगणात आलं की."

जिन्यातून पिंकीचा आवाज आला. "म्हणजे माझी पावडरच्या दुधाची बाटली त्यानं टाकली ती तुमच्यामुळं? वहिनी, मी रोज थोडीच देत होते. तो बाटली दोन्ही हातांनी धरतो ना, लय गोड दिसतो. त्या रीलला किती जणांनी बघितलंय माहितेय?"

धुळाबापू घसा खाकरून म्हणाले, "मी फकस्त साखरेचं पाणी. रुमालाचं टोक बुडवून. रडत हुतं, जीव तुटला."

रेश्मा खाली बसली. प्रत्येकाला वाटत होतं की या बाळाला आपल्याशिवाय कुणी नाही. मल्हार जन्मल्यापासून त्याच्या जठराला रिकामं होणं म्हणजे काय असतं ते कळलंच नव्हतं. सार्वजनिक पाणपोईसारखं ते अहोरात्र भरलेलं. त्या गर्दीत ती जे पाजायची ते सगळ्यात वर तरंगायचं, पहिलं बाहेर पडायचं, आणि नाव त्याचं व्हायचं.

"म्हणजे आता कळलं ना? माझ्या दुधाचा दोष नाही."

"तसं कसं?" सुलाबाई म्हणाल्या. "दूध कसदार असतं तर ह्या सगळ्यावर बसलं नसतं व्हय? म्हैस सोमवारी येणार."

तेव्हा रेश्मानं वाद घालायचं सोडून दिलं. या माणसांना शरीरशास्त्र सांगून उपयोग नव्हता, डॉक्टरीणबाईंचं नाव सांगून नव्हता, ती स्वतः रडली तर अजिबातच नव्हता. पण एक भाषा त्यांना समजायची.

"आप्पा," ती म्हणाली, "कोइमतूरला दुकान बंद करताना पोरांची झडती कोण घ्यायचं?"

आप्पासोंचे डोळे चमकले. "मी. बारकं पोरगं असू दे न्हाईतर बापू. नखं, केसं, कानामागं. इंद्रजितची लग्नाला निघताना घेतली हुती."

"शनिवारी टेस्टची परत वेळ मिळालीय. त्या दिवशी गाडीत दुकानाचा नियम लावायचा. मल्हारच्या जवळ येणाऱ्याची झडती. हात रिकामे दिसले पाहिजेत."

विट्याला परतल्यापासून आप्पासोंना कुणाची झडती घ्यायला मिळाली नव्हती. ते त्या रात्री लवकर झोपले.

शनिवारी सकाळी गाडीपुढं रांग लागली. पिंकीच्या अंबाड्यातून चोखणी निघाली. सुलाबाईंनी भाकरीचं फडकं छातीशी घट्ट धरलं होतं. ते सोडवलं तेव्हा दोन भाकऱ्यांच्या मध्ये ग्राईपवॉटरची बाटली आडवी झोपली होती.

"ही माझ्यासाठी हाय," सुलाबाई म्हणाल्या. "मला गॅस हुतो."

"मग पी इथंच," आप्पासो म्हणाले, आणि संसारात पहिल्यांदा नवऱ्याचा शब्द ऐकून त्यांनी ती उभ्या उभ्या संपवली.

धुळाबापूंच्या टोपीच्या घडीत साखरेचे चार खडे होते. भागीदारीतल्या जुन्या कुठल्यातरी झडतीचा डंख त्यांच्या मनात असावा. ते म्हणाले, "माझं झालं. आता तुझा हात बघू दे रं."

"माझा?" आप्पासो हसले. "मालकाची झडती हुती व्हय कवा?"

"नियम म्हंजे नियम, आप्पा," रेश्मा म्हणाली.

आप्पासोंनी तोऱ्यात दोन्ही हात पुढं केले आणि मग स्वतःच थबकले. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली मधाची एक बारीक रेघ होती. ती चमकत होती. त्यांना खरोखर आठवत नव्हतं ती कधी आली. हात आपला आपण जाऊन आला होता. त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की कुणी हसलं नाही. ते आत गेले, हात धुऊन आले. धुतलेलं पाणी त्यांनी तांब्यात धरून ठेवलं, पण तेवढ्याकडं रेश्मानं कानाडोळा केला.

गाडीत सगळे गुडघ्यांवर पालथे हात ठेवून बसले होते, फोटोला बसल्यासारखे. तासगावपासून मल्हार रडत होता. सुलाबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या आणि मध्येच एक डोळा उघडून सुनेचं लक्ष आहे का बघत होत्या. लक्ष होतं. रेश्माची छाती भरून आली होती, ब्लाउज भिजला होता, आणि बाळाला छातीशी धरून त्याला न पाजणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम चालू होतं. माधवनगरला आप्पासोंनी स्वतः ड्रायव्हरला सांगितलं, "थांबू नगं. चहा मेला."

पुढं मल्हार झोपला. विट्यापासून सांगलीपर्यंत तो एकदाही ओकला नाही. हे सगळ्यांना दिसत होतं.

रोहननं या वेळी आखूड बाह्यांचा शर्ट घातला होता. रेश्मानं दूध काढून दिलं, त्यानं औषध मिसळलं, मल्हारनं ते अधाशासारखं संपवलं आणि त्याला कॅमेऱ्याखाली निजवलं. आत फक्त रेश्माला परवानगी होती. बाकीचे काचेपलीकडं, पण तिथून पडदा दिसायचा. काळ्या पडद्यावर एक पांढरा, तेजस्वी गोळा होता.

आप्पासोंनी काचेला नाक लावलं. आयुष्यभर त्यांनी मुशीत तेच बघितलं होतं, अंधारात तेजाळलेला गोळा. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बापू, हललं बघ. खाली सरकतंय."

"वर आलं की!" सुलाबाई किंचाळल्या. गोळ्यातून एक बारीक धार वर चढली होती.

"गप. परत गेलं. उकळी हाय ती. बसंल. … बसली. चाललंय बघ खाली. आहाहा. धार बघ कशी सलग पडतीय."

तासभर ते तिथून हलले नाहीत. मागच्या बाकावर एका दुसऱ्या बाळाचे आईबाप बसले होते. आप्पासो त्यांनाही पडद्यावरचं समजावून देत होते आणि अधूनमधून "सूनबाईचं हाय," असं अभिमानानं सांगत होते.

दुपारी डॉ. प्रांजल यांनी चित्रं बघितली आणि सगळ्यांना समोर बसवलं. "पोट अगदी वेळेत रिकामं होतंय. थोडं वर येतं, या वयात येतंच, आणखी काही महिने येत राहील. आईच्या दुधात काही दोष नाही. आता मला सांगा, मागच्या वेळी रोहनच्या बाहीवर जे चमकत होतं ते काय होतं?"

आप्पासोंनी सांगितलं. सुलाबाईंनी सांगितलं. पिंकीनं रील दाखवलं. डॉक्टर ऐकत होत्या आणि त्यांच्या भुवया वर-वर जात होत्या.

"मध वर्षाच्या आत बाळाला द्यायचाच नाही. त्यातून जिवावर बेतणारं दुखणं होऊ शकतं. तुमचं नशीब चांगलं. सोनं, अर्क, साखरपाणी, पावडर, म्हैस, सगळं बंद. सहा महिने पुरे होईपर्यंत आईचं दूध. ती देईल तेव्हा, ती देईल तेवढं. पाजून झालं की अर्धा तास उभं धरा, हे कुणीही करू शकतं. वजन आपोआप वाढेल. हे पोट आजारी नाही. याला कुणी सवडच दिली नव्हती."

"म्हंजे माल चोख हाय," आप्पासो म्हणाले.

"मी कवा न्हाई म्हणलं?" सुलाबाई म्हणाल्या. "मी म्हणलं हुतं टेस्ट करा."

जिन्यातच इंद्रजितचा व्हिडिओ कॉल आला. त्याला पिंकीनं सगळं कळवलं होतं. तो हसतमुख होता, भट्टी बंद होती, आवाज खणखणीत येत होता. "बघ, मी तुला तेव्हाच सांगणार होतो की—"

रेश्मा पडद्यासमोर गोठून उभी राहिली. चेहरा विचारी, तोंड अर्धं उघडं. तिकडून इंद्रजित "हॅलो, हॅलो" करत राहिला, आणि मग त्यानंच फोन ठेवला.

परतताना तासगाव रस्त्यावर एका खानावळीत गाडी थांबली. रेश्मानं बाकावर बसून, पदर घेऊन मल्हारला पोटभर पाजलं. कुणी काही सुचवलं नाही. मग आप्पासोंनी पुढं होऊन बाळ मागितलं आणि खांद्यावर उभं धरलं. ते खांबासारखे स्थिर राहिले. वेटरनं काय आणू विचारलं तर त्यांनी फक्त डोळ्यांनी धुळाबापूंकडं खूण केली.

"तू जेव," ते रेश्माला म्हणाले. श्वास सांभाळत, हळू, पोट हलणार नाही अशा बेतानं. "अर्धा तास माझा हाय."

ताटं आली. आमटी, भाकरी, वांगं, कांदा. सकाळपासून रेश्माच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं. बाळाच्या पोटात कधी काय गेलं हे इतक्या माणसांनी इतक्या वेळा विचारलं होतं, तिचं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही आत्ता आमटीचा वास आल्यावरच ते आठवलं. तिनं भाकरी कुस्करली आणि खाली मान घालून जेवू लागली.

शेजारी सुलाबाई जेवत होत्या. समोर आप्पासोंच्या खांद्यावर मल्हार जागा होता, तोंडाचा चंबू करून बघत होता. सुलाबाईंनी एकदा सुनेकडं बघितलं. सून जेवत होती. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा भिंतीकडं तोंड करून खांब झाला होता. सुलाबाईंची करंगळी आमटीच्या वाटीत बुडाली, बाहेर आली, आणि ताटावरून हळूहळू त्या चंबूच्या दिशेनं निघाली.

"आत्या," रेश्मा मान वर न करता म्हणाली. "हात."

करंगळी हवेत थांबली. तिच्या टोकाला आमटीचा एक थेंब लोंबत होता. सुलाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू हे बोट कुणाचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी ते स्वतःच्या तोंडात घातलं.

"मीठ बघत हुते," त्या म्हणाल्या.

"कसं आहे?"

"बरं हाय."

"मग वाढा मला अजून थोडी," रेश्मा म्हणाली, आणि वाटी पुढं सरकवली.